एकसारखा रंग

खालच्या खणात टॉवेलांच्या घड्यांखाली हात घातला तेव्हा बोटांना वर्तमानपत्र लागलं, पण ते सपाट होतं. आत सुरी नव्हती. मी खण पूर्ण बाहेर ओढला, टॉवेल एकेक करून जमिनीवर टाकले, कागद उलगडला, उलटा करून पाहिला. सकाळची वेळ, खंडेनवमीचा दिवस, बाहेर कॉलनीच्या मांडवात देवीची गाणी सुरू झालेली, आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून एका रिकाम्या कागदाकडे बघते आहे. कागदावर पात्याच्या आकाराची एक लांबट तपकिरी सावली उमटली होती. इतक्या दिवसांत ती मला कधी दिसली नव्हती, कारण कागद मी कधी पूर्ण उघडतच नसे. वरचं टोक जरा बाजूला सारायचं, आत बघायचं आणि पुन्हा झाकायचं. झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण सारून ताप उतरला का ते बघतात ना, तसं. रोज दुपारी, विनायक वामकुक्षीला गेला की. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? एका सुरीवर एक गंजाचा डाग होता आणि मी तो बघायला जात होते.

मागच्या मोरीत शांताबाई भांडी घासत होती. तिच्या हातातली तारेची घासणी आधी दिसली. "शांताबाई, खालच्या खणातली सुरी तुम्ही काढली का?" मी विचारलं. आज खंडेनवमी, घरातलं सगळं लोखंड पाटावर मांडायचं असतं. चिंच लावून, घासूनपुसून लख्ख करून. तिने भल्या मनाने केलं असतं तर मी तिला काय बोलणार होते? तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मी काहून काढू, बाई? तुमी मले त्या खणाले हात तरी लावू देता का? साहेबांनं नेली जी. पहाटपासून मागच्या पडवीत बसले हायेत. सिरक्याचा वास नाही येऊन राहिला का तुमाले?"

येत होता. व्हिनेगरचा तो आंबट वास कधीपासून येत असेल, पण मी तो घेतला नव्हता. आता तो एकदम आला, नाकात, डोळ्यांत, आणि वासाबरोबर शिशिर आला. माझा मुलगा. गेल्या वर्षी ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आधी, सिलतऱ्याच्या रस्त्यावर तो एका ट्रकखाली गेला. हे वाक्य मी आता सरळ म्हणू शकते. पहिले काही महिने ते लोकच म्हणायचे आणि मी मान हलवायची. इंजिनियर झाला, सिलतऱ्याला नोकरीला लागला, आणि मग कुठून कोण जाणे, त्याला सुऱ्या करायचं वेड लागलं. उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या भंगारातून ट्रकच्या जुन्या कमानींच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पट्ट्या आणायचा. मागच्या पडवीत विटांची एवढीशी भट्टी मांडली होती. सुट्टीच्या दिवशी ठोकणं, घासणं, पुन्हा तापवणं. रायपूरच्या चौबे कॉलनीसारख्या सभ्य वस्तीत ठोकाठोकी म्हटल्यावर शेजारपाजारचे विचारायचेच. मी म्हणायची, अरे, पोरी बघायला जायच्या वयात तू सुऱ्या काय करतोस, लोक आपल्याला मुली द्यायच्या नाहीत. तो हसायचा. तो माझ्याशी हिंदीतच बोलायचा. मी मराठीत विचारायची, तो हिंदीत उत्तर द्यायचा. इथली सगळीच पोरं तशी, मराठी त्यांच्या कानात असते आणि जिभेवर येत नाही. "आई, ये स्टेनलेस नहीं है. असली लोहा है. इसको रंग चढ़ता है." असं लोखंड म्हणे जिवंत असतं. उघडं ठेवलं की गंजतं. म्हणून त्याला आपणच आधी एक रंग द्यायचा, राखाडी, ढगासारखा. पॅटिना म्हणायचा तो त्याला. "समझ लो अच्छा वाला जंग. ये बैठ गया तो बुरा वाला अंदर नहीं आता." कांदा, कैरी, जिमीकंद म्हणजे सुरण, असलं चिरत राहिलं की तो रंग आपोआपही चढतो, पण मग ठिपक्याठिपक्यांचा, कुठे निळा, कुठे तपकिरी. एकसारखा हवा असेल तर सिरका.

एकसारखा हा शब्द मात्र त्याचा नव्हता, त्याच्या बापाचा होता. विनायक म्हणजे माझा नवरा. तोंडाने मी त्याला अहो म्हणते, मनात तो पहिल्यापासून विनायकच आहे, आणि एकेरीत. मनात कुणाची भीड धरायची? उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये त्याने जन्मभर माल तपासला. सळीवर चीर दिसली, पट्टीवर लहर दिसली, डाग दिसला, की खडूची फुली. नोकरीतून निवृत्त झाला, पण डोळा काही निवृत्त झाला नाही. माझ्या पोळ्यांवर त्याने आयुष्यभर फुल्या मारल्या. एक बाजू जाड, एक बाजू पातळ, एकसारखी नाही. परीटाच्या इस्त्रीवर फुली, भिंतीच्या रंगावर फुली. लग्नात माझ्या कपाळावरचं कुंकूही म्हणे जरा डावीकडे होतं, हे त्याने मला पहिल्या रात्री सांगितलं, आणि मी इतकी हसले की तो बिचारा गोंधळूनच गेला. तेव्हा हसू यायचं. पुढे कमी यायला लागलं. शिशिरने पहिली सुरी करून आणली, अभिमानाने बापासमोर धरली. विनायकने चष्मा वर केला, पातं खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं आणि म्हणाला, "हे काय हाय? इथं डाग." राखाडी रंगात मधेच एक पांढुरकी जागा राहिली होती. "बोट लागलं तुझं. बोटाचं तेल लागलं की तिथं रंग धरत नाही. स्पिरिटनं पुसून घ्यायचं, मग हात नाही लावायचा. पुन्हा कर." पोराने पुन्हा केली. पुन्हा कुठेतरी बोट लागलं होतं. पुन्हा केली. पडवीत दोघं त्या सुरीवर वाकलेले, एकमेकांशी न बोलता, आणि मी चहा घेऊन दारात उभी. मला तेव्हा राग यायचा. आता मी त्या दुपारी मोजक्या राहिलेल्या दागिन्यांसारख्या काढून बघते, आणि राग कुठे गेला ते समजत नाही.

शेवटची सुरी शिशिरने माझ्यासाठी केली होती. गुरुवारी संध्याकाळी घेऊन आला. मी भाजी निवडत होते. पातं अजून कोरं होतं, आरशासारखं पांढरं, रंग द्यायचा राहिलेला. मूठ शिसवाची. "आई, पकड़ के देखो." मी म्हटलं, माझे हात ओले आहेत. मग त्यानेच ती माझ्यापुढे धरली, पात्याच्या पाठीपाशी अंगठा दाबून, एका बोटावर तोलून दाखवली. घामेजलेला होता, केस कपाळाला चिकटलेले. त्याचा उजवा अंगठा मला फार ओळखीचा. लहानपणी विळीवर कैरी चिरायला बसला होता, माझी पाठ वळल्याचं बघून, आणि अंगठ्यावर आडवा वार झाला. ती खूण कायमची राहिली. तेव्हा विळी लपवून ठेवली मी कितीतरी दिवस. लोखंडाने पहिला चावा घेतला तरी हा त्याच्याच मागे लागला. मी ओल्या हातांनी बसून राहिले, सुरी काही हातात घेतली नाही. त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळली, खालच्या खणात ठेवली आणि म्हणाला, "संडे को रंग दूँगा. तब तक यूज़ मत करना." मी हव म्हटलं, म्हणजे हो. इथल्या लोकांसारखं, गमतीने, तो चिडवायचा म्हणून. शुक्रवारी तो गेला. ट्रकच्या कमानीची सुरी आणि ट्रक, हे मी कुणाजवळ बोलले नाही.

पाऊस आला. रायपूरचा पाऊस दमट, मिठाची बरणी पाझरते, माचिसच्या काड्या ओढल्या तर नुसत्या मऊ वाकतात. श्रावणात कधीतरी टॉवेल काढताना हाताला तो कागद लागला. मी टोक उघडलं. पातं पांढरंच होतं, पण पाठीपाशी, जिथे त्याने धरलं होतं तिथे, अंगठा होता. गंजाचा. बारीक बारीक तपकिरी रेघा, एकात एक वळलेल्या, मधे तो भोवरा, आणि त्या सगळ्या रेघांना कापत जाणारी एक आडवी कोरी फट. विळीची खूण. मी तिथेच बसले. त्याचे कपडे देऊन टाकले होते, उशीचा वास उडून गेला होता, फोनवरचे फोटो बघून बघून खोटे वाटायला लागले होते. आणि इथे हा. घाम होता त्याचा. गुरुवारच्या संध्याकाळचा घाम, तो लोखंडाने धरून ठेवला होता. मी त्याला हात लावला नाही. तेवढं मला विनायकच्या संसारात राहून कळत होतं. एकदा मोबाईलवर फोटो काढला, तर त्यात नुसता डाग दिसला, कुठल्याही सुरीवर असतो तसा. मी तो फोटो पुसून टाकला. ज्याचा फोटो निघत नाही असं काहीतरी आपल्याजवळ आहे, याचं मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मग रोज दुपारी. सुरुवातीला रेघा मोजता आल्या असत्या. यंदाच्या पावसाळ्यात त्या फुगल्या, एकमेकींना चिकटायला लागल्या, भोवऱ्याच्या जागी पापुद्रा आला. मला ते दिसत होतं. मी टोक झाकून टाकायची आणि म्हणायची, आज उजेड कमी आहे.

मी पडवीत गेले. विनायक शिशिरच्या स्टुलावर बसला होता. वर्षभरात तो त्या पडवीत गेला नव्हता. आरामखुर्ची आणि पेपर, पेपर आणि आरामखुर्ची. समोर छोट्या शेगडीवर पातेल्यात सिरका गरम होत होता. शेजारी स्पिरिटची बाटली, कापूस, पॉलिश पेपर, खाण्याच्या सोड्याचा डबा. सगळं ओळीने, एका रेषेत. हातात रबरी मोजे, शिशिरचे. आणि चिमट्यात सुरी. पातं राखाडी झालं होतं. पाठीपासून धारेपर्यंत, टोकापासून मुठीपर्यंत, पावसाआधीच्या आभाळाचा तो एकच रंग. कुठे डाग नाही. मी जिथे बघायला शिकले होते तिथे बघितलं. काही नव्हतं.

"उठलीस?" तो म्हणाला. "चहा नको मले आत्ता."

तो वळून पात्याकडे बघू लागला, तिरपं धरून, चष्मा वर करून, तोच खिडकीतला उजेड, तेच मान वाकडी करणं. मग त्याने तोंडाने च्च केलं, पॉलिश पेपरचा तुकडा उचलला आणि तेल लावून तो सगळा रंग पुन्हा घासायला सुरुवात केली. राखाडीतून पांढरं पातं वर येऊ लागलं. घासताना त्याचा खांदा हलत होता. मी उलट्या पावली स्वयंपाकघरात आले.

खंडेनवमीला पूजा झाली की सुरीला सुट्टी असते. म्हणून सगळी चिराचिरी आधी उरकावी लागते. मी विळी मांडली आणि जिमीकंद चिरायला घेतला, हाताला खाज सुटेल म्हणून तेल लावायचं तेही विसरले. पडवीतून घासल्याचा आवाज येत होता. थांबायचा, मग पाण्याचा, मग सिरक्याचा भपकारा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा घासणं. तो पुन्हा करत होता. त्याला अजून एकसारखा वाटला नव्हता. माझ्या मुलाचा उरलेला तेवढा एक अंगठा त्याने घासून टाकला, आणि वर त्याला रंग पसंत पडत नव्हता. तेराव्याला शिशिरचा फोटो भिंतीवर लावायचा होता. पाहुणे बसले होते, शांताबाई भिंतीला टेकून रडत होती, आणि हा माणूस आतून पाणसळ घेऊन आला. चौकटीवर पाणसळ ठेवून त्याने तो बुडबुडा बरोबर मधे येईपर्यंत फोटो हलवला. वर, खाली, जरा वर. सगळे बघत राहिले. माझ्या नणंदेने तोंडाला पदर लावला. मला वाटलं होतं, याच्या छातीतसुद्धा तसलाच एक बुडबुडा असेल. तो रडला नाही. माझ्यासमोर तर नाहीच. लोक म्हणायचे, विनायकरावांनी फार धीराने घेतलं. मी म्हणायची, हो. रात्री एकाच पलंगावर आम्ही दोन भिंतींकडे तोंडं करून निजायचो आणि दोघंही जागे आहोत हे दोघांना माहीत असायचं. माझ्याजवळ जे उरलं होतं ते मी त्याला दिलं नाही. खण दाखवला नाही. का नाही दाखवला? तो काय म्हणेल ते मला ठाऊक होतं म्हणून. गंज हाय, काढून टाक. तो चष्मा वर करेल आणि माझ्या पोरावर फुली मारेल. आणि झालं तसंच. मी न दाखवताही झालं.

विळीवर हात थांबला. शिशिरला तो कधी बरं म्हणाला होता का, हे मी आठवून बघितलं. एकदा तरी? दहावीचे मार्क, इंजिनियरिंगचं प्रोजेक्ट, ती पहिली सुरी. पुन्हा कर. पुन्हा कर. शिशिर ते हसून घ्यायचा, पण एकदा, एकदाच, माझ्याजवळ येऊन म्हणाला होता, "आई, बाबा को कुछ अच्छा लगता है क्या कभी?" मी त्याला म्हटलं, अरे, ते तुझं एवढं बारकाईने बघतात, तेच. मी नवऱ्याची बाजू घेतली. बायका घेतात. आणि तो माणूस आता पडवीत बसून मेलेल्या पोराकडून पुन्हा करून घेतो आहे. मला त्याला दुखवायचं होतं. असं दुखवायचं होतं की पाणसळीतला तो बुडबुडा फुटावा. मी शब्द जुळवले. ज्या जागी तुम्ही घासताय तिथे तुमचा मुलगा होता, असे. मला ते म्हणायची घाई झाली, हात न धुताच मी उठले.

तो घासत नव्हता. शेगडी बंद होती. सुरी दोन्ही मोज्यांच्या तळव्यांवर आडवी ठेवून तो नुसता बसला होता. पातं पुन्हा राखाडी झालेलं. मी आतापर्यंत बघितलेल्या कुठल्याही सुरीवर इतका एकसारखा रंग नव्हता. शिशिरला जन्मात जमला नव्हता असा.

"झालं ना आता मनासारखं?" मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला तो आवडला नाही. "झालं ना एकसारखं? आता नाही ना कुठं डाग?"

"नाही," तो म्हणाला. "नाही येऊन राहिला."

"काय नाही येऊन राहिला?"

त्याने वर बघितलं. चष्मा कपाळावर होता आणि डोळे उघडे, लहान, सिरक्याने लाल झालेले. मला वाटलं, सिरक्यानेच. "अंगठा," तो म्हणाला.

मांडवातलं गाणं संपून दुसरं लागलं. मी दाराची चौकट धरली. जिमीकंदाची खाज मनगटापर्यंत चढली होती.

"तू रोज दुपारी जाते खणाजवळ," तो म्हणाला. तो पात्याशी बोलत होता. "मी जागा असतो. एक दिवस तू भाजी आणाले गेली तवा पाह्यलं मी. कट बी दिसला मले, विळीचा. पण गंज वाढून राहिला होता सुनीती. रेघा मिटून राहिल्या होत्या. तुले दिसत नव्हतं काय? अजून एक पावसाळा, का खड्डा राहिला असता नुसता. गंज थांबत नाही. त्याले थांबवायचं तं वरचा काढून रंग द्या लागते. खाली लोखंडात खूण उतरलेली असते, रंग दिला का ते उमटते. मिलमध्ये पाह्यलं हाय मी. कोणाचा हात लागलेली पट्टी घासली, पुसली, तरी अॅसिडात टाकली का पंजा येते वर."

"मग?" मी म्हटलं.

"आला," तो म्हणाला. "पहिल्यांदा आला होता. पहाटे. पुसट होता, पण आला होता, तो कट बी आला. तुले उठवणारच होतो." त्याने मोज्याच्या बोटाने पात्याच्या पाठीपाशी, हात न लावता, हवेतच एक गोल काढला. "मले वाटलं, अजून जरा साफ यावा. खंडेनवमी हाय, पाटावर ठेवू, तुले नीट दिसला पाहिजे. म्हणून मी रंग उतरवून पुन्हा दिला. तवा कमी आला. म्हणून पुन्हा केलं." त्याने बोट मागे घेतलं. "जितकं केलं तितका गेला."

माझे जुळवलेले शब्द तोंडात तसेच होते, आता ते कुठे ठेवायचे ते कळेना. मी बघत होते त्या राखाडी पात्याकडे, आणि मला दिसत होता तो पहाटेचा, मी न पाहिलेला पुसट अंगठा. पडवीत एकटा म्हातारा माणूस, आणि त्याच्या हातात, वर्षभरानंतर, त्याचा मुलगा. त्या वेळी मी आत झोपले होते. हाक मारली असती तर चार पावलांत आले असते. उजेड कमी असता तरी मला दिसला असता. अहो, मला पुसटच पुरला असता, असं म्हणावंसं वाटलं, आणि मी ते म्हटलं नाही, कारण ते त्याला माहीत होतं. त्याच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं. जे ह्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना करायला लावलं ते आज स्वतःच्या हाताने करून बसला होता, आणि त्यावर फुली मारायलाही आता खडू नव्हता. दुखवायचं राहिलंच नव्हतं काही. मी जाऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. त्याने मोजे काढले नाहीत. खांदे हलायला लागले, मघाशी घासताना हलत होते तसेच, आणि मला कळलं की घासतानाही तो नुसता घासत नव्हता. आवाज नव्हता. मी माझा खाजरा हात त्याच्या पाठीवर ठेवला. शांताबाई मोरीतून एकदा डोकावली, परत गेली आणि तिने नळ जोरात सोडला.

पूजा आम्ही केली. का केली, असं विचारलं तर सांगता येणार नाही. वर्षश्राद्ध झालं होतं, सण सुरू करायचे असतात, आणि सकाळपासून शांताबाईने पाट धुऊन ठेवला होता. पाटावर विळी मांडली, कात्री, पक्कड, विनायकचं मिलमधलं मोजमापाचं कॅलिपर, शिशिरची हातोडी. सगळ्यांच्या मधे सुरी. झेंडूची फुलं. मी पाण्यात कुंकू कालवलं. दर वर्षी याच ठिकाणी बाप आणि मुलाची मजा चालायची. लोखंडावर ओलं कुंकू म्हणजे विनायकच्या अंगावर काटा. आरती संपायच्या आत तो फडकं घेऊन हजर, देवाचा प्रसाद घ्यायच्या आधी हत्यारं पुसणार, तेल लावणार, आणि शिशिर मागून म्हणणार, "बाबा, देवी को बैठने तो दो दो मिनट." मी विळीला कुंकू लावलं, कात्रीला, पकडीला, कॅलिपरला, हातोडीला. सुरीपाशी माझं बोट थांबलं. करंगळीजवळच्या बोटाने लावायची रीत आहे. मी अंगठा बुडवला. जिथे तो असायचा तिथेच, पात्याच्या पाठीपाशी, मी तो टेकवला आणि जरा दाबला. विनायक बघत होता. माझा अंगठा शिशिरच्या अंगठ्यासारखा नव्हता, लहान होता, आणि त्याच्यावर आडवी खूण नव्हती.

आरती झाली. आम्हा दोघांचे आवाज मिळून एक धड आवाज झाला नाही. मग त्याने सवयीने फडकं उचललं. विळी पुसली, तेल लावलं. कात्री पुसली. पक्कड, कॅलिपर, हातोडी, एकेक उचलून, निगुतीने, सांध्यांतलं पाणीसुद्धा टिपून. सुरी उचलली. राखाडी पात्यावर ते ओलं लाल अजून चमकत होतं, एक ओघळ खाली धारेकडे निघाला होता. त्याने चष्मा वर केला, पातं खिडकीकडे तिरपं धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग ती न पुसता पुन्हा पाटावर ठेवली, फडक्याची घडी केली आणि मला म्हणाला, "चहा टाक आता."